फिल्टरची जुनी रिंग

२२ एप्रिल ९१, सोमवार
गाडीखाली पुन्हा ऑइल. काल फिल्टर मीच बदलला, तरी थेंब थेंब चालूच. फिल्टरच्या वाटीचा बोल्ट अजून आवळला. सतरा वर्षांची गाडी, कुरकुरणारच. पण शुक्रवारी पतियाळ्याला जाऊन मुक्ताला हॉस्टेलवरून आणायचंय. वाटेत इंजिन बसलं तर त्या रस्त्यावर पोरीला घेऊन उभं राहायचं? विचारच नको.

२३, मंगळ.
मुक्ताचा फोन, हॉस्टेलच्या सवयीने हिंदीतच. "बाबा, बस से आ जाऊँगी ना. सेक्टर सतरा के अड्डे तक सीधी आती है." नाही म्हटलं. अतिरेकी बसमधून हिंदूंना वेगळं उतरवून काय करतात ते तिलाही माहीत आहे, उगीच मला धीर देते. संध्याकाळी बोल्ट आणखी आवळला. गळती वाढली! सुधावर विनाकारण ओरडलो.

२४, बुध.
सुधाने चहा देताना विचारलं, "तुमच्या हँगरमध्ये एक जण काम करतो आणि दुसरा तपासून सही करतो ना? हे कोणी तपासलं?"
झोंबलं. एअर फोर्समध्ये वीस वर्षं हेच पोरांच्या डोक्यात भरतोय. घरी मात्र करणारा मी, पास करणाराही मीच.
मोहालीचा बलवंतसिंग मेकॅनिक तपासेल. इथे बदली झाल्यापासून गाडी त्याच्याकडेच. पण सहा महिने फिरकलो नाही. कामात होतो म्हणून सांगतो. खरं म्हणजे घाबरलो. त्या भागाला. आणि... त्यालाही, त्याच्या पगडीमुळे. लिहिताना लाज वाटते.

२५, गुरु.
गेलो. वाटेत पोलिसांचे तीन नाके. बलवंतसिंगने वाटी उतरवली, वरच्या खाचेत बोट फिरवलं आणि हसला. जुनी रबर रिंग तिथेच चिकटलेली, काळी, कडक. नवी मी तिच्यावरच बसवली होती. आवळेन तेवढी सरकणारच! त्याने जुनी खरवडून काढली, नवी नीट बसवली. दहा मिनिटांचं काम. इंजिन चालवून पाहिलं, कोरडं.
"साहबजी, छे महीने हो गए," एवढंच म्हणाला. मी ड्यूटीचं काहीतरी पुटपुटलो. त्याने ऐकून घेतलं.
पतियाळ्याचं सांगितल्यावर म्हणाला, उद्या मी येतो सोबत, गाडी अडली तर हात लावायला माणूस पाहिजे. हो म्हणून आलो. सुधाने फक्त "नक्की?" विचारलं.

२६, शुक्र. सकाळी
सहाला येतो म्हणाला होता. सव्वासहा झाले. मुक्ता नऊला हॉस्टेलच्या गेटवर येऊन उभी राहणार. सुधा म्हणते, निघा आता. शेजारचे विंग कमांडर फिरायला चालले होते. कोणाची वाट बघताय, विचारलं त्यांनी. कोणाची नाही, म्हटलं. तोंडातून निघूनच गेलं.

साडेसहा. नाक्यावर अडवून ठेवलं असेल का त्याला? की त्याच्याही बायकोने विचारलं असेल, त्या साहेबाबरोबर कशाला जाता म्हणून?
अजून दहा मिनिटं बघतो.