उद्या माझे कर्नाय मुके राहील

मार्गिलान, दि. १४ नोव्हेंबर

समस्त-फरगाणा-कर्नायवादक-शिरोमणी, विवाहद्वारगर्जनाधीश, प्रातःकालीन-पुलाव-परीक्षक, ज्येष्ठत्वैकभूषण तीर्थरूप साबिर-अका यांच्या चरणी, (उद्याचा दिवस वगळता) सदैव आज्ञाधारक धाकटा बंधू महकम याचे पडल्यापडल्या साष्टांग वंदन.

इकडील क्षेम : ज्वर एकोणचाळीस अंश, कास सशब्द, क्षुधा लुप्त. माझी पत्नी झुमराद कुशल असून माझ्यावर सलगमाच्या रसाचे प्रयोग करीत आहे.

काल आपण फाटकातूनच विचारलेत, "काय रे, नवरीला ताप आला असता तर लग्न मोडलं असतं का?"

त्यावर माझी सहधर्मचारिणी वदली, "भावजी, नवरीला माणसाहून लांब पितळी नळी फुंकायची नसते!"

"लग्नाला आला नाही, तर ताफ्यातली जागा गेली म्हणून सांग त्याला. गेल्या हिवाळ्यात तापातच वाजवलं ना? तेव्हा कुठे मेला?"

मी मेलो नाही, हे ऐतिहासिक सत्य मला मान्य आहे.

त्या प्रभाती यजमानांनी माझ्या खांद्यांवर मानाचा अंगरखा, रेशमी चपान, घातला, 'असा कर्तव्यनिष्ठ वादक विरळा' असे उद्गार काढले आणि मी यथाशक्ती फुगलो. वस्तुतः माझा श्वास निम्म्यातच तुटत होता. दोनदा सूर फाटला. दोन्ही वेळा आपले वृद्ध गुरू होशिम-ओता यांनी तो स्वतःच्या फुंकरीखाली झाकला. नंतर पुलावाच्या पंगतीत चहाची एकच प्याली फिरू लागली. माझ्या शेजारी ओता होते.

मला ठाऊक होते, अका. प्याली नाकारली असती तर लोक म्हणाले असते, आजारी आहे, मग आला कशाला? म्हणून मी घोट घेतला, कड बाहीने पुसली आणि ती पुढे केली. ओता म्हणाले, "अर्धी ठेवलीस की रे! आण इकडे." उरलेली त्यांनी संपवली.

अकराव्या दिवशी आपण त्यांना खांदा दिला. वय झाले होते, असे आपण सर्वांस सांगता, मलाही सांगता. वय त्या सकाळीही झालेलेच होते.

तस्मात् उद्या मी येणार नाही. परवाही ज्वर असेल तर परवाही नाही. माझी जागा हवी त्यास द्यावी. तो चपानही न्यावा, मला तो कधी अंगालगत बसलाच नाही.

ओतांच्या जागी हल्ली आपण बसता. माझ्यानंतरची प्याली आपली असते. याहून स्पष्ट लिहिणे मला ज्वरातही लज्जास्पद वाटते.

आपल्या आज्ञेचा भंग करून आपल्याच दीर्घायुष्याची कामना करणारा,
शय्यास्थ महकम

ता. क. छातीस चोळण्यास्तव आपण आज सकाळी धाडलेली दुंबा मेंढ्याच्या शेपटीची चरबी पावली. लेपन झाल्यापासून शेजाऱ्यांचे मांजर माझ्या वक्षःस्थलावर विराजमान आहे. हाकलावे तर खोकला उसळतो, न हाकलावे तर ते चाटते. याचा बंदोबस्त कोणी करायचा?