गुरुवारची वाटणी

मी, सौ. प्रभावती साहेबराव लोमटे, वय चौसष्ट, काम घर सांभाळणे, मूळची अंबाजोगाईकडची, हल्ली राहणार सहजीवन सोसायटी, मोहननगर, चिंचवड, हे मृत्युपत्र माझ्या राजीखुशीने लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत आहे, डॉक्टरांनी तसा दाखला दिला आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही, उलट घरात सगळ्यांनी "आताच कशाला" म्हणून अडवून पाहिले. डावा खांदा सोडला तर माझी तब्येत ठीक आहे. त्या खांद्याविषयी पुढे येईलच, कारण हा सगळा खटाटोप त्याच्यापायीच आहे.

१. राहते घर माझ्या एकटीच्या नावावर आहे. ते माझे पती साहेबराव यांच्या पगारातून घेतले, पण तेव्हा त्यांच्या कंपनीत संप चालू होता. "उद्याचं काही सांगता येत नाही, तुझ्या नावावर असू दे," असे तेच म्हणाले. संप मिटला, नाव राहिले. या घरात राहण्याचा हक्क साहेबरावांना तहहयात आहे, टीव्हीसमोरच्या खुर्चीसकट. त्यांच्या पश्चात घर माझा मुलगा समाधान आणि सून रुपाली या दोघांचे होईल. दोघांची नावे कागदावर चढली पाहिजेत. समाधान, हे वाचून हसू नकोस.

या सगळ्याची अंमलबजावणी आमचे शेजारी धम्मपाल साळवे यांनी करावी. ते कोणाची बाजू घेत नाहीत, कारण ते मुळात फारसे बोलतच नाहीत.

२. माझ्या पाटल्या आणि मोहनमाळ माझी मुलगी दिव्या हिला. ती मारुंजीला भाड्याने राहते आणि घरमालकाच्या लहरीप्रमाणे घरे बदलते. तेव्हा पितळेची भांडी तिने आत्ता नेऊ नयेत, स्वतःचे घर झाल्यावर न्यावीत. दरम्यान समाधानने ती मोडीत घालू नयेत.

३. साहेबरावांचे चुलत भाऊ आबाजी यांनी दिव्याच्या बारशानंतर माझे मोठे पातेले नेले. त्यावर माझ्या वडिलांचे नाव घातलेले आहे, तरी ते पातेले कोणाचे यावर आजवर वाद चालू आहे. ते आता त्यांनी ठेवावे. दुसरे काही मिळणार नाही. कारण कलम पाचमध्ये.

४. कै. विजयश्री ही साहेबरावांची धाकटी बहीण, माझी नणंद. चाकणला गाड्यांच्या वायरी जोडण्याच्या कारखान्यात कामाला होती. लग्न केले नाही, शेवटपर्यंत आमच्याकडेच राहिली. नणंद धाकटी असली तरी 'वन्सं' म्हणायचे असा सासूबाईंचा हुकूम होता आणि मी तो पाळत होते. पहिल्या गुरुवारनंतर ती विजू झाली.

साहेबरावांना रविवारची सुट्टी, विजूला गुरुवारची. रविवार म्हणजे पाहुणे, मटण आणि धुण्याचा ढीग. गुरुवारी मात्र साहेबराव कामावर, मुले शाळेत. विजू रात्रपाळी करून कंपनीच्या बसमधून उतरायची ती घरी न येता सरळ चिंचवड स्टेशनवर, आणि मी डबा घेऊन तिथे उभी. लोणावळा लोकल पकडायची आणि मनाला येईल तिथे उतरायचे. घोरावाडी, कान्हे, कामशेत, मळवली. जिथे आपले कोणी नाही, कोणाच्या पाया पडायचे नाही, कोणासाठी चहा टाकायचा नाही अशी गावे. नदीत पाय सोडून भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खायची आणि परतीची गाडी धरायची, कारण चार वाजता नळाला पाणी यायचे. घरी सांगितले होते की दत्ताच्या देवळात भजनाला जातो. देवालाही ते चालत असावे, आम्ही कधी पकडले गेलो नाही.

जाताना विजू माझ्या डाव्या खांद्यावर डोके टेकून झोपायची. तिच्या केसांना गरम प्लॅस्टिकचा वास यायचा. तळेगाव आले की मी खांदा हलवायची, मग ती उठून केस नीट करायची.

लोणावळ्याला लोकल संपते. तिथे फलाटाच्या टोकाला उभे राहून आम्ही घाटात उतरणाऱ्या मोठ्या गाड्या बघायचो.

"वैनी, एकदा फुडं जाऊ की. लई बोगदे हायत म्हणं."

"पाण्याची वेळ होते गं."

"एक दिस नाही भरलं पाणी तर काय मरतोय का आपण?"

मी दर वेळी हसले आणि दर वेळी तिला परत आणले.

५. एका पावसाळ्याच्या शेवटी तिला ताप आला. तिने तो अंगावर काढला. गुरुवारी सकाळी कॉटवर भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "आज नगं वैनी. फुडच्या गुरुवारी जाऊ." पुढचा गुरुवार उजाडला तेव्हा त्या कॉटच्या जागी जमिनीवर पीठ पसरून दिवा ठेवलेला होता.

दहाव्याला पवनेच्या घाटावर पिंड ठेवला. कावळे समोरच्या भिंतीवर बसून राहिले, एकही खाली उतरेना. साहेबरावांनी हात जोडले, "विजे, तुझं सगळं नीट करीन," म्हणाले. कावळे जागचे हलले नाहीत. तेव्हा आबाजी घसा खाकरून सगळ्यांदेखत म्हणाले, "लग्न राहिलं ना पोरीचं. दुसरं काय असणार? जीव अडकलाय." बायकांनी पदर तोंडाला लावले. विजूचा जीव लग्नात कधीही अडकला नव्हता. तिला नांदायची हौस नव्हती, फिरायची होती. तेव्हा आला तेवढाच राग मला आजही येतो, म्हणून पातेल्यावर भागवावे.

गुरुजी दर्भाचा कावळा करायला बसले. मी पायऱ्या उतरून पुढे गेले, पिंडाशी वाकले आणि तिला एकटीला ऐकू जाईल असे म्हणाले, "विजू, जाऊ आपण. दर गुरुवारी जाऊ." मी वळायच्या आत कावळ्याने भात उचलला.

सगळ्यांना हायसे वाटले. फक्त चिंचवड गावातल्या म्हाताऱ्या अंबुबाई माझ्या शेजारी उभ्या राहिल्या होत्या, त्यांनी ऐकले होते. त्यांनी माझा दंड धरला. "असा शबूद देत्यात व्हय बाय? पुरा हुईल असं बोलावं. आता ह्याला शेवट कुठला? आन तू गेल्यावर त्यो घरातल्या भांड्यांवानी सुनंकडं जाईल."

मी तेव्हा मनावर घेतले नाही. सून यायची होती.

पुढच्या गुरुवारी मी गेले. भीतीने नाही, तिच्या आठवणीने. गाडीला गर्दी होती, बायका दांड्याला धरून उभ्या होत्या, पण माझ्या डाव्या बाजूची जागा रिकामी होती आणि मला कोणी "सरका" म्हणाले नाही. देहूरोड गेले आणि खांद्यावर भार आला. गरम प्लॅस्टिकचा वास आला. तळेगावला मी खांदा हलवला, भार उतरला.

तेव्हापासून असेच चालू आहे. डॉक्टर म्हणतात खांदा आखडलाय. गुरुवारीच कसा आखडतो, हे त्यांना सांगता येत नाही. मला भीती वाटते का? वाटते. आणि एखाद्या गुरुवारी ती आलीच नाही तर, याची त्याहून जास्त वाटते.

लोणावळ्याला मी फलाटाच्या टोकाला जात नाही. प्रज्वल, माझा नातू, रांगत होता तेव्हा एकदा गेले होते. घाटाकडे जाणारी गाडी समोर उभी होती आणि कोणीतरी धरून ओढावा तसा माझा डावा हात पुढे झाला. मी चहावाल्याच्या ठेल्याला घट्ट धरून उभी राहिले. गाडी गेली. चहावाल्याने विचारले, "मावशी, चक्कर आली का?" मी म्हटले, घरी जायचंय, पाण्याची वेळ झाली.

६. रुपाली नोकरी करते, स्वयंपाक करते, प्रज्वलचा अभ्यास घेते आणि तिला रविवारही नाही. लग्न होऊन आल्यापासून गुरुवारी माझा डबा तीच भरते. एकीच्या भजनाला दोघींचा डबा का लागतो, हे तिने कधी विचारले नाही. सून चांगली असण्याचा हाही एक प्रकार आहे.

गेल्या चैत्रात माझ्या गुडघ्याचे ऑपरेशन झाले. गुरुवार आला तशी माझी अंथरुणात तगमग सुरू झाली. रुपाली जवळ येऊन बसली.

"आई, तुम्ही भजनाला जात नाही हे मला माहितीये. कुठे जाता ते सांगू नका. फक्त गाडी कुठली ते सांगा, तुमच्याऐवजी मी जाऊन येते."

मी काही बोलायच्या आत तिने रजा टाकलीही होती.

दुपारी परत आली तेव्हा तिचा चेहरा उजळला होता. "कामशेतला उतरले. नदीवर बसले. किती वर्षांनी अशी नुसती बसले हो आई!" मला फार बरे वाटले. मग तिने बोलता बोलता डावा खांदा चोळायला सुरुवात केली.

"गाडीत कोणी टेकलं होतं का गं?"

"नाही हो. शेजारी कोणी बसलंच नाही. एवढी गर्दी, तरी."

त्या दिवशी हे मृत्युपत्र करायचे मी ठरवले.

७. म्हणून लिहिते की, माझा गुरुवार मी रुपालीला देते. तो तिचा स्वतःचा आहे. तिला रजा मिळेल त्या गुरुवारी पाणी समाधानने भरावे, प्रज्वलला शाळेतून त्यानेच आणावे आणि "कुठे गेली होतीस" हे विचारू नये. साहेबरावांनी आपला चहा आपण करावा. साखर वरच्या फळीवर, लाल झाकणाच्या डब्यात आहे.

मात्र रुपालीने डबा एकीचाच न्यावा. गाडीत दोन बायकांच्या मध्ये बसावे. डावीकडे जागा रिकामी दिसली तर उभी राहावी, पण बसू नये.

विजू मी तिला देत नाही. पिंडाशी दिलेला शब्द माझा एकटीचा आहे. घर वाटले, दागिने वाटले, पातेलेसुद्धा सोडले. हे वाटायचे नाही. हे माझ्याबरोबर येईल.

८. माझ्या दहाव्याला कोणीही काहीही कबूल करू नये. समाधानने नाही, दिव्याने नाही, रुपालीने तर नाहीच. रुपाली, तू मायाळू आहेस, तुझ्या तोंडून पटकन निघून जाईल. म्हणून तू त्या दिवशी घाटावर येऊच नकोस, घरी पिठले-भाकरी करून ठेव. कावळा बहुधा येणार नाही. लोक कुजबुजतील, "म्हातारीचं काय राहिलं असेल" म्हणतील. आबाजी घसा खाकरू लागले की धम्मपालने त्यांना चहा प्यायला घेऊन जावे.

विजूचा तीन खणांचा डबा फडताळात मागच्या बाजूला आहे, त्यावर तिचे नाव घातलेले आहे. तो दोघींना पुरतील एवढ्या भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी भरून पिंडाशेजारी ठेवावा आणि परत आणू नये. थोडा वेळ थांबून दर्भाचा कावळा करावा, घरी जावे, जेवावे. माझे काही राहिलेले नाही. आम्ही दोघी त्या दिवशी लोणावळ्याला उतरणार नाही.

पाणी तुम्ही भरा.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, पुन्हा वाचला आणि तो बरोबर असल्याने खालील साक्षीदारांसमोर सही केली.

सही: सौ. प्रभावती साहेबराव लोमटे

आम्ही दोघींनी त्यांना सही करताना पाहिले आणि त्यांच्यासमोर आमच्या सह्या केल्या.

साक्षीदार १: सौ. सुमनताई भोंडवे, दत्त मंदिर भजनी मंडळ, चिंचवड
साक्षीदार २: श्रीमती गिरजाबाई काटे, सहजीवन सोसायटी, मोहननगर

ठिकाण: चिंचवड
दिनांक: १२ नोव्हेंबर २०२५, बुधवार