पडद्यामागची पाटी

उमरगा,
रविवार, ता. ४ फेब्रुवारी १९६२

ती. वहिनींस,
उत्तरेश्वरचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुमच्या नावाआधी काय लिहावं हे मला तीन वर्षांत ठरवता आलेलं नाही. दादा गेल्यावर रीतीप्रमाणं जी दोन अक्षरं लिहायची ती माझ्या हातून उतरत नाहीत, म्हणून नुसतं वहिनी. इकडं सगळी खुशाल आहेत. तुमच्या धाकट्या जावेचा, विमलचा खोकला गेला. माझी बदली यंदाही टळली. तुमच्याकडं ज्वारी कशी आहे ते कळवा.

उद्या जग बुडणार आहे म्हणे. आठ ग्रह एका राशीत आल्यापासून इथं नुसता कालवा चाललाय. कचेरीतले निम्मे लोक रजेवर आहेत, आणि जे आलेत ते फायली तशाच ठेवून एकमेकांना पत्रिका दाखवत बसतात. महादेवाच्या देवळात रात्रंदिवस जप चालू आहे. शरणप्पाच्या तंबूत तर कुत्रंही फिरकेना. शरणप्पा तुमच्या ओळखीचाच, अणदूरच्या बाजारतळावर दरवर्षी टूरिंग टॉकीज घेऊन येतो तो. परवा मला म्हणाला, "साहेब, लोकाला खरं मरण फुकट बघायला मिळणार हाय, मग माझ्याकडं कशाला येतील?"

ह्या रिकाम्या तंबूत मी एक खेळ पाहिला, वहिनी. त्याचं तुम्हाला लिहायचं आहे.

नाव सांगत नाही, कारण नाव ऐकून तुम्ही पौराणिक समजाल आणि नाक मुरडाल. काढणारे कोण, हे कुणालाच ठाऊक नाही. नाटकात काम करणारी पाच-सहा माणसं आणि एक कॅमेरा, एवढंच भांडवल असावं. नावाजलेला नट एकही नाही, गाणी नाहीत, एका जात्यावरच्या ओवीवर सगळं भागवलंय. सोलापुरात दोन दिवसांत उतरला. शरणप्पाकडं आला तोही चुकून, मागवलेल्या खेळाची पेटी आली नाही म्हणून. मध्यंतरापर्यंत आम्ही चाळीस जण होतो, नंतर नऊ उरलो.

गोष्ट अशी. एका गावात एक आड आहे. गावात माणूस मेलं की त्याचं शेवटचं बोलणं त्या आडात जाऊन पडतं. ज्याला ऐकायचंय त्यानं पोहरा सोडायचा आणि कान लावायचा. पण काठावर एक राखणदार बसलेला असतो. त्याला डोळे नाहीत, आणि हाताची बोटं पारंब्यांसारखी लांब. तो दर शब्दामागं माणसाची एक आठवण काढून घेतो. एक म्हातारा बापाचं बोलणं ऐकतो आणि स्वतःच्या घरची वाट विसरतो. त्याच गावात मागावर विणणारी एक साळीण आहे. तिचा नवरा गेला तेव्हा ती घरी नव्हती, बाजाराला गेली होती. सगळं गाव पोहरा सोडतं, ती सोडत नाही. त्यानं शेवटी काय म्हटलं असेल, ह्याचीच तिला भीती. आणि एक दिवस ती दोर हातात घेते. पुढं तिला काय ऐकू येतं ते मी सांगणार नाही.

राखणदार भयानक आहे, पण भीती त्याची वाटत नाही. ती बाई काठाशी बसून कुठली आठवण द्यावी आणि कुठली राखावी हे ठरवत असते, तेव्हा जीव घाबरा होतो. हा लेकरांचा खेळ नाही. तिकडं लागला तर प्रेमलाला आणू नका, तिला शेजारी गिरिजाबाईंकडं ठेवा.

आपल्या मापानं सांगायचं तर पावशेर शेंगा नेल्या होत्या, पावशेर परत आणल्या. चांगल्या खेळाला शेंगा उरतात आणि वाईट खेळाला पुरत नाहीत, हा तुमचाच कायदा. तो आंधळ्या टपालवाल्याचा खेळ आठवतो का? चार लोकांनीसुद्धा पाहिला नाही, आणि तुमच्या ओटीतल्या शेंगा दुसऱ्या दिवशी आमटीत पडल्या होत्या. कुणी न पाहिलेले खेळ हुडकायची खोड मला तुम्हीच लावलीत. सोलापूरला कचेरीच्या कामाला गेलो की मी आधी खेळ बघायचो, मग तुम्हाला कार्ड टाकायचो, आणि मग काम. दादा म्हणायचा, "सरकार ह्याला भत्ता देतं ते माझ्या बायकोला सिनेमे सुचवायला." असं म्हणून कार्ड मात्र स्वतःच मोठ्यानं वाचून दाखवायचा. बलभीम गुरुजी वर्गात कडक, घरी लोणी.

त्या घराचं सगळं आठवतं. मी बिडी ओढून आलो की तुम्ही स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर हात आडवा धरायचा. "आधी चूळ भरा भावजी, वास येतोय." पन्नास पावलांवरून तुम्हाला वास यायचा. आणि शरणप्पाच्या तंबूत बायकांना पडद्याच्या मागच्या बाजूला बसवतात म्हणून तुमची चिडचिड. पुढं पुरुष, मागं बायका, मधे कापड. नट डावखुरे दिसतात आणि अक्षरं उलटी दिसतात, ही तुमची तक्रार. "तुम्ही निजामाच्या कचेरीत उर्दू शिकलेले, तुम्हाला उजवीकडून वाचायची सवय. मागं तुम्हीच बसा," असं तुम्ही म्हणायचा.

गेल्या तीन वर्षांत मी तुम्हाला एकाही खेळाचं लिहिलं नाही. पावसाचं लिहिलं, ज्वारीचं लिहिलं. तुम्हीही कधी विचारलं नाही. दादा गेल्यावर तुम्ही तंबूकडं फिरकला नाहीत हे सगळ्यांना साहजिक वाटलं, मलाही तसंच वाटावं म्हणून मी पुष्कळ खटपट केली.

मागच्या आठवड्यात प्रेमलाचं कार्ड आलं. पोरीनं अभ्यासाचं लिहिलंय, शेळी व्याल्याचं लिहिलंय, आणि खाली कोपऱ्यात लिहिलंय: "काका, आई रोज दुपारी माझ्या वहीच्या कागदावर मोठी अक्षरं काढते, कागद खिडकीत उजेडावर धरते आणि मागच्या बाजूनं वाचते. विचारलं तर सवय करते म्हणते. असं का करते?"

वहिनी, ते कार्ड मी तीनदा वाचलं आणि मग मला जेवण गेलं नाही. विमलनं विचारलं काय झालं. तिला सांगितलं. तिच्याशिवाय आजवर कुणाला सांगितलेलं नाही. ती म्हणाली, "आता जिथं सांगायचं तिथं सांगा."

तर सांगतो.

दादा गेला त्या दिवशी शेवटचं रीळ चढवायच्या आधी शरणप्पानं पाटी लावली. निरोप आला की तो काचेवर शाईनं लिहून दिव्यापुढं धरतो, तशी. "बलभीम गुरुजींच्या घरच्या मंडळींनी ताबडतोब घरी जावं." तुम्हाला मागून ती उलटी दिसली. बायका हसल्या, कुणीतरी म्हणालं जाहिरात असेल, आणि अक्षरं लागायच्या आत पाटी गेली. हे सगळं तुम्हीच मला नंतर सांगितलंत. घरी पोचलो तेव्हा गिरिजाबाई दादाच्या उशाशी बसल्या होत्या. म्हणाल्या, "आत्ताच गेले. तीनदा विचारलं, खेळ सुटला का म्हणून." तुम्ही भिंतीला टेकून बसलात आणि म्हणालात, "मला वाचता आलं नाही भावजी. मला वाचता आलं असतं तर." आणि मी काय म्हणालो ते तुम्हाला आठवत असेल. मी म्हणालो, मी तेव्हा बिडी ओढायला बाहेर गेलो होतो, मलाही पाटी दिसली नाही.

मी बाहेर गेलो नव्हतो. मी समोर बसलो होतो, मधल्या बांबूजवळ. पाटी मी वाचली. पूर्ण वाचली.

उठलो नाही. दादाची सवय तुम्हाला माहीत आहे. त्याच्या आधीच्या खेळाला कपाटाची किल्ली सापडेना म्हणून त्यानं अशीच पाटी लावायला लावली होती, आणि आपण धावत घरी गेलो तर किल्ली त्याच्याच जानव्याला. मला वाटलं तसंच असेल. आणि खरं सांगायचं तर एकच रीळ राहिलं होतं, शेवट बघायचा होता. बारा मिनिटं. बारा मिनिटं आधी उठलो असतो तर दादा तुम्हाला भेटला असता. खेळ सुटला का, असं त्यानं विचारलं तेव्हा मी तो खेळ बघत होतो.

तुम्ही कागद उजेडाला धरून स्वतःला जी शिक्षा करताय ती माझी आहे. तीन वर्षं तुम्ही ती भोगलीत आणि मी इमानदार दिरासारखा दर महिन्याला खुशाली कळवत राहिलो. ह्याची मला लाज वाटते. लाज हा शब्द कमी पडतो, पण कचेरीत राहून मला ह्याहून मोठा शब्द शिकता आला नाही.

आता विनंती. शरणप्पाला मी फार गळ घातली. तो म्हणतो, "ह्यो खेळ अणदूरला न्यायचा? तिथली माणसं काय भुतं बघणार व्हय?" शेवटी तयार झाला. शनिवारी सतरा तारखेला एकच खेळ. मी दुपारच्या एस.टी.नं येईन. तुम्ही या. साळणीला काय ऐकू आलं ते तुम्ही ऐकावं असं मला फार वाटतं. शरणप्पाला सांगून मी तुमची बसायची सोय पुढं करतो. मागं मी बसतो. तुम्ही म्हणायचा तसं.

आला नाहीत तरी मी मागंच बसेन.

पाटी सरळ दिसत असूनही न उठलेला,
तुमचा दीर
उत्तरेश्वर


अणदूर,
शुक्रवार, ता. ९ फेब्रुवारी १९६२

उत्तरेश्वर भावजींस,
अनेक आशीर्वाद. विमलला आणि मुलांना आशीर्वाद.

जग बुडालं नाही. गिरिजाबाईंनी मात्र बुडणार म्हणून घरातलं सगळं तूप दोन दिवसांत शिऱ्यात घालून खाऊन टाकलं, आणि आता माझ्याकडं वाटी घेऊन येतात. ज्वारी बरी आहे. शेळीला दोन करडं झाली.

तुमचं पत्र बुधवारी मिळालं. प्रेमला शाळेत गेल्यावर वाचलं.

तुम्ही त्या दिवशी माझ्याजवळ येऊन बसलात आणि बिडी ओढायला गेलो होतो म्हणालात. तुमच्या तोंडाला वास नव्हता. तेवढ्या रडण्यातही मला ते कळलं. सदऱ्याचा खिसा शेंगांनी फुगलेला होता, म्हणजे खेळ तुम्हाला चांगला लागला होता आणि तुम्ही जागचे हलला नव्हता. मी काही बोलले नाही. बोलले असते तर तुम्ही ह्या घरात पुन्हा तोंड दाखवलं नसतं, आणि एका दिवसात दोन माणसं घालवायची माझ्यात ताकद नव्हती.

मग मी वाट पाहिली. दर महिन्याला तुमचं पत्र यायचं. पाऊस आणि ज्वारी. मी कागद उलटून बघायची, मागं काही लिहिलंय का. मला तुमचा राग पाटी वाचून बसून राहिलात ह्याचा कमी आला. ह्यांची पाटी आली म्हणून मीही कदाचित म्हटलं असतं, किल्लीच हरवली असेल, बसू एवढं रीळ. पण मला एकटीला तसं ठेवून तुम्ही तीन वर्षं पावसाचं लिहीत राहिलात, त्याचा फार आला. कितीतरी पत्रं मी चुलीत घातली, आणि पुढच्या पत्राची वाटही पाहिली. तुम्ही आमच्या घरात आलात तेव्हा अकरा वर्षांचे होता. मी तुम्हाला वाढलंय.

प्रेमलानं तुम्हाला कळवलं ते खरं आहे, पण तुम्ही अर्थ चुकीचा लावलात. मी शिक्षा करून घेत नाही. पुढं कधी पाटी लागली तर ती दुसऱ्या कुणी वाचून उठेल ह्यावर मला अवलंबून राहायचं नव्हतं, म्हणून सवय केली. आता येतं. परवा मारवाड्याच्या दुकानाच्या काचेवरचं नाव मी आतून वाचून दाखवलं, तो बघतच राहिला.

माफ केलं का, असं तुम्ही विचारलं नाहीत ते बरं केलंत. काही दिवस केलेलं असतं, काही दिवस नसतं. बुधवारी नव्हतं. आज आहे असं वाटतं, उद्याचं सांगत नाही.

खेळाला येते. शेंगा मी भाजून आणते, पावशेर नाही, अर्धा शेर, कारण तुमच्या निवडीवर आता पहिल्यासारखा भरवसा नाही. प्रेमला गिरिजाबाईंकडं राहील.

बसायची अदलाबदल नको. शरणप्पाला काही सांगू नका. तुम्ही पुढं तुमच्या जागी बसा, मधल्या बांबूजवळ, आणि मी मागं माझ्या जागी बसते. पाटी लागली तर तुम्ही उठा. मीही उठेन. दारात भेटू.

आता मागूनही वाचता येणारी,
तुमची वहिनी
चारुशीला