वर केलेला हात

अहो,

समोरासमोर कधी तुमचं नाव घेतलं नाही, आता पत्रात तरी कसं घेऊ? आपल्या वैशूने मला तीन दिवसांसाठी रोह्याला आणून सोडलंय. कुंडलिकेच्या काठी शिबिर आहे, आपलं माणूस गमावलेल्यांचं. "आये, तू जेवत नाय, बोलत नाय, कारखान्याचं कुलूप काढत नाय. बाबा गेले, आता तुला पण घालवू का मी?" लेक असं म्हणाल्यावर काय करणार! इथल्या ताईंनी गेलेल्या माणसाला पत्र लिहायला सांगितलंय. उद्या सकाळी ते नदीत सोडायचं म्हणे.

काल त्यांनी प्रत्येकाला मातीचा गोळा दिला. मनातलं दुःख घडवा म्हणाल्या. पेणला गणपतीच्या कारखान्यात तीस वर्षं शाडू मळलेल्या बाईला माती दिली, तर दुसरं काय होणार? हात आपोआप चालले. पोट झालं, सोंड झाली. डोळ्यांपाशी मी थांबले. "किती सुंदर! आता याचं विसर्जन करू या. सोडून द्यायला शिका," ताई म्हणाल्या. मी ओरडलेच हो त्यांच्यावर! डोळ्यांची आखणी झाल्याशिवाय कुणी गणपती बुडवतं का? आणि आखणी करणारा माणूस मी कुठून आणू?

मग खूप रडले, पण खरं ते तिथे सांगितलं नाही. ते तुम्हालाच सांगते.

कारखान्यातला तो नियम तुमचाच. डोळे आखताना कुणी बोलायचं नाही. तुम्ही डावा हात वर केला की जो तो आहे तिथेच थांबायचा. लग्न होऊन आले तेव्हा मी एकदा मध्येच बोलले, बुबुळ वाकडं गेलं, आणि तुम्ही दोन दिवस अबोला धरलात! नंतर किती हसलो होतो.

त्या दुपारी मी चहा घेऊन आले. तुमची पाठ माझ्याकडे होती. तुम्ही हात वर केलात. मी दारातच थांबले, मोठी शहाणी! चहावर साय धरली तरी जागची हलले नाही. हात खाली गेला तेव्हाही वाटलं, डोळा जमला असेल. जवळ आले तोवर तुम्ही पाटावर कलला होतात.

अहो, तुम्ही मला बोलावत होतात ना? एक हाक का नाही मारलीत? एक दिवस नियम मोडला असता तर काय बिघडलं असतं!

डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणलं असतं तर... पुढचं मी ऐकलंच नाही. वैशूला मी सांगितलं, मी आले तेव्हा सगळं संपलेलं होतं. तेव्हापासून तिने वाढलेला घास घशाखाली उतरत नाही. ती मूर्ती अजून तशीच आहे, एका डोळ्याची. त्या डोळ्याने मला दारात उभी पाहिलंय. म्हणून मी कुलूप काढत नाही. मला नाही सहन होत हो आता!

हे पत्र मी नदीत सोडणार नाही. वैशूच्या हातात देणार. तिने तोंड फिरवलं तरी देणार. मग कुलूप काढीन आणि दुसरा डोळा मी आखीन, वाकडा आला तरी. तेवढा वेळ तिला जवळ बसवीन आणि सांगेन, "मी हात वर केला ना गो, तर थांबू नको. धावत ये."

तुमचीच,
सुनंदा