सतरा जणांचे पासवर्ड

प्रिय क्रिस्पुलो,

आईचं गुडघ्यांचं रडगाणं चालूच आहे. तरी परवा तिनं हट्टानं चीज घालून चिपा भाजल्या आणि "सीमेपलीकडे पोसादासला माझ्या पोराला कोण नेऊन देणार? बहीण म्हणवतेस ना?" म्हणून मलाच झापलं.

कचेरीत सध्या जमिनींच्या नोंदी नव्या सॉफ्टवेअरमध्ये हलवताहेत. त्यासाठी राजधानीहून तानिया नावाची इंजिनियर आली आहे. जिभेनं तिखट, पण कामाला वाघीण. मंगळवारी माझ्या हातून गार तेरेरेचा पेला घेता घेता ती थबकली. "सुनिल्दाबाई, हे सॉफ्टवेअर होतं की धर्मशाळा?" पडद्यावर जुन्या सॉफ्टवेअरमधली सतरा जणांची नावं होती आणि प्रत्येकापुढे त्याचा पासवर्ड, सरळ वाचता येईल असा. माझाही. तुझाही, नोकरीत होतास तेव्हाचा, कुणी पुसलाच नव्हता. पासवर्ड असे ठेवायचेच नसतात म्हणे. सॉफ्टवेअर बनवणाऱ्यालासुद्धा वाचता येऊ नयेत, असे ठेवायचे असतात. आणि ही यादी कचेरीतल्या कुठल्याही कॉम्प्युटरवर उघडत होती, अगदी पहिल्या दिवसापासून. मी विचारलं, "म्हणजे कुणीही दुसऱ्याच्या नावानं नोंद बदलू शकत होतं?" ती म्हणाली, "फक्त वाचता यायला हवं."

मला नऊ वर्षांपूर्वीची ती चौकशी आठवली. पेत्रोनाबाई बिचारी विधवा. तिची जमीन कुणीतरी तुझ्या नावानं आत शिरून भलत्याच्या नावावर चढवली, तेव्हा चौकशीत मला विचारलं होतं, यानं पासवर्ड कुणाला सांगितला असेल का? मी ताठ मानेनं म्हणाले, "छे! माझा भाऊ मलासुद्धा सांगत नाही." तुझं कौतुक करायला गेले, आणि त्याच वाक्यावर, म्हणजे नोंद तूच बदललीस असं धरून, त्यांनी तुला नोकरीवरून काढलं. तिला जमीन परत मिळाली. तुला काहीच नाही.

नोंद कुणी बदलली ते आता कळायचं नाही. पण तानियानं सगळं लेखी दिलं, मी माझी साक्ष मागे घेतली, आणि काल तुझ्यावरचा ठपका रद्द झाला. कागद सोबत आहे. पेत्रोनाबाईला सांगायला गेले तर ती माझ्याकडे रोखून बघत म्हणाली, "मला नऊ वर्षांपूर्वीच माहीत होतं. तो पोरगा तसला नव्हेच."

बातमी काय, कचेरीनंही कळवली असती. मी लिहितेय ते दुसऱ्याच कारणासाठी. निघायच्या सकाळी तू स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून विचारलंस, "ताई, तुला तरी खरं वाटतं ना माझं?" मी भांडी घासत राहिले. नळाच्या आवाजात ऐकू आलं नाही, असं आईला सांगितलं. तुलाही तसंच वाटलं असेल, अशी स्वतःची समजूत घालत आले. ऐकू आलं होतं रे. मला खरं वाटलं नव्हतं, म्हणून गप्प बसले. आता कागद बघून विश्वास ठेवण्यात कसलं मोठेपण? कागद नव्हता तेव्हाच ठेवायला हवा होता. रविवारी पहिल्या बसनं येतेय. दार उघडायचं की नाही, ते तू ठरव. मी बाहेर थांबेन.

तुझीच ताई,
सुनिल्दा