विशालाक्षीमामींवरचा आळ

तिरुच्चिराप्पळ्ळी
ता. २ एप्रिल २०२५

ती. अक्काच्या चरणी सतीशकुमारचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तू आधी जेवलास का विचारतेस आणि माझं धाडस तिथंच संपतं. म्हणून लिहितोय. वीस तारखेला, ईस्टरला, माझा बाप्तिस्मा आहे. ऑफिसातल्या शरण्याबरोबर दोन वर्षं चर्चला जातोय, हे तुला ठाऊकच आहे. पाद्री म्हणाले, नवं आयुष्य मागायचं तर जुनं झाकून चालत नाही.

अक्का, तंजावरच्या व्यंकटरमणांचं स्थळ माझ्यामुळं मोडलं. तुला फिट येतात, अशी निनावी चिठ्ठी मीच पाठवली होती. अप्पांना अर्धांग झालेलं. तू सासरी गेलीस तर त्यांचं सगळं माझ्यावर येईल, मद्रासची नोकरी सुटेल, एवढंच पाहिलं. चोवीस वर्षांचा होतो, लहान नव्हतो. तू अकरा वर्षं त्यांच्या उशाशी बसलीस आणि मी दिवाळीला साड्या आणत राहिलो.

लोभ कुठल्या तोंडानं मागू? उत्तर मात्र दे.

तुझा सतीश

कुंभकोणम्
ता. ८ एप्रिल

चि. सतीशकुमार यास, हात अडला तरी, अ. उ. आ.

तुझं ऱ्हस्वदीर्घ अजून तसंच आहे. दोन दिवस वर्गात हजेरी घेताना मुलींची नावं चुकवत होते.

देव बदललास याचा राग नाही. सत्तावीस वर्षांत आपल्या विठोबापुढंही हे बोलता आलं असतं. माझं लग्न राहिलं, ते एक. पण ती चिठ्ठी शेजारच्या विशालाक्षीमामींची, असं अप्पांनी ठरवलं, कारण मामीही आपल्या भाचीसाठी तेच स्थळ पाहत होत्या. तू तिथंच उभा होतास आणि गप्प राहिलास. मी साऱ्या गल्लीदेखत त्यांना नाही नाही ते बोलले. त्या घर सोडून तिरुनागेश्वरम्‌ला मुलीकडे गेल्या.

बाप्तिस्म्याच्या पाण्यात उतरायच्या आधी त्यांच्याकडे जा. माझं काय ते नंतर.

महालक्ष्मी

तिरुच्चिराप्पळ्ळी
ता. १३ एप्रिल

ती. अक्कास सा. न.

काल जाऊन आलो. मामींची दृष्टी गेलीय. सगळं सांगितलं. त्यांची मुलगी मला चालता हो म्हणाली. त्या वेळी लोक कुजबुजायचे म्हणून आई वर्षभर देवळात गेली नव्हती, असं तिनं सांगितलं. मामींनी तिला थांबवलं आणि महालक्ष्मीला कळलं का, एवढंच विचारलं. हो म्हणालो. त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

क्षमा मिळाली नाही. मिळावी असं मी केलंय तरी काय? बाप्तिस्मा पुढं ढकलावा म्हणतो.

सतीश

कुंभकोणम्
ता. १६ एप्रिल

चि. सतीशकुमार यास अ. उ. आ.

काल शाळेतून परस्पर मामींकडे गेले. तू खोटं लिहिलंस, मी ते काही न विचारता त्यांच्या माथी मारलं. पायाशी बसले. त्यांनी माझा हात चाचपला आणि इतकी का वाळलीस, असं विचारलं. मला मान वर करवेना. क्षमेचं त्या बोलल्या नाहीत. मंगळवारी पुन्हा ये म्हणाल्या.

दिवस पुढं ढकलू नकोस. लाज निघून जायची वाट पाहशील तर कधीच जाणार नाहीस. शनिवारी दुपारच्या बसनं येतेय. माफ केलं असं समजू नकोस, ते अजून जमलेलं नाही. पण तू पाण्यात उतरशील तेव्हा घरचं कुणीतरी काठावर असावं.

तुझी अक्का