अकरा एकरांचं गवत

१२ जून, बुधवार

काम गेलं. सात वर्षांचं काम. आणि सांगितलं कुणी, तर कंपनीच्या गेटवरच्या भैरूनं. ॲडमिनच्या साहेबांना साधा फोनही करवला नाही. भैरू म्हणाला, "वहिनी, एक तारखेपास्नं गवत काढायला इंद्रजीतरावांची माणसं येणार हायेत. तवापास्नं तुमचे गेटपास बंद."

इंद्रजीत! इनामगावच्या बागायतदाराचा मुलगा. दोन वर्षांपूर्वी कुरकुंभच्या कारखान्यानं ब्रेक देऊन घरी बसवला तेव्हा तोंड पाडून आमच्या वस्तीवर आला होता. माझ्या नवऱ्याच्या, मल्हारच्या शिफ्टमधला मित्र, म्हणून मी त्याला ग्रास कटर धरायला शिकवलं. पट्टा खांद्यावर कसा घ्यायचा, नायलॉनची तार किती सोडायची, लिटरभर पेट्रोलला पंचवीस मिली ऑइल. हे पंचवीस मी त्याच्या तळहातावर पेनानं लिहून दिलं होतं.

१३ जून

भाव कळला. माझा एकरी चौतीसशे. त्यानं एकोणतीसशे भरला.

१६ जून, रविवार

हे अकरा एकर गेले तर माझ्याकडे उरतं काय? दौंडमधले दोन बंगले आणि एका शाळेचं मैदान. त्याला दोन मशीन पुरतात. म्हणजे दोन विकायची, आणि धुरपदाबाई आणि सविताला सांगायचं की येऊ नका. धुरपदाबाई पहिल्या दिवसापासून आहेत. त्यांना सांगायला माझी जीभ वळणार नाही.

एकोणतीसशेत हा करतो कसा, म्हणून दुपारी हिशोब मांडला. एकराला पेट्रोल सहाशे तीस, ऑइल साठ, तार दीडशे, मशीनवाल्याची हजेरी सातशे, गवत गोळा करणाऱ्या दोघींचे आठशे, मशीनची झीज अडीचशे, मशीन-माणसं न्यायला टेम्पो दीडशे. झाले सत्तावीसशे चाळीस. त्यावर एकशे साठ टाकले की एकोणतीसशे.

आणि मग लख्ख आठवलं. हा कागद मीच त्याला दिलाय! झेरॉक्स काढून. नवा माणूस झीज धरायला विसरतो आणि सहा महिन्यांत मशीनसकट बसतो, म्हणून दिला. "वहिनी, तुमचे उपकार हायेत," म्हणाला होता, चहा पिताना. केसानं गळा कापला मेल्यानं.

मल्हार म्हणतो, सोड, धंद्यात चालतं. त्याला म्हटलं, तुझा पगार दर सातला होतो, तू बोलू नको.

२१ जून, शुक्रवार

सापडलं!

सकाळी सासरे, आबा, मेंढरांना गवत टाकत होते. कंपनीतलंच, परवा शेवटची कटिंग केली तेव्हाचं. मी उभी राहून बघत होते आणि एकदम डोक्यात आलं, की माझ्या कागदावर गोळा केलेलं गवत उचलून बाहेर न्यायचा रकानाच नाही.

सात वर्षांत मला तो खर्च कधी आलाच नाही. कटिंग झाली की संध्याकाळी आबा आणि वस्तीवरची माणसं पिकअप घेऊन गेटवर हजर. पावसाळ्यात सगळीकडं पिकं उभी, मेंढरं सोडायची कुठं? कंपनीचं गवत म्हणजे त्यांना सोनं. दुसऱ्या दिवशी मैदान साफ. सासऱ्यांची साठ मेंढरं हीच माझी सफाई मशीन, आणि मी तिला कधी मशीन समजलेच नाही. त्यामुळे कागदावर नाही. त्यामुळे इंद्रजीतच्या डोक्यातही नाही. बागायतदाराच्या पोराला काय माहीत गवत कोण उचलतं?

ट्रॅक्टर-ट्रॉलीची एक खेप बाराशे. एकराला एक खेप धरली तरी तो एकरी हजाराच्या वर खड्ड्यात जातो. अकरा एकर, वर्षाला आठ कटिंग.

आज पोटभर जेवले.

२३ जून

आबांना सांगितलं, कंपनीतून गवत आणायचं नाही. आपल्या वस्तीवरचं कुणीच जाणार नाही. आबांनी तंबाखू मळली. मग म्हणाले, "आगं पोरी, मानसाचा राग गवतावं कशाला काढती? गवतानं काय क्येलंय?"

मी म्हटलं, आबा, दिवाळीपर्यंत मेंढरांचा चारा माझ्याकडं. मक्याचा, विकतचा.

"लई म्हाग पडंल."

पडू दे. महिन्याला नऊ हजार धरलेत. पेट्रोलला पैसे लागतात, तारेला लागतात, सुडालाही लागणारच.

आबा हो म्हणाले, पण माझ्याकडं न बघता.

९ जुलै, मंगळवार

भैरूचा फोन. इंद्रजीतची पहिली कटिंग झाली. गवताचे ढीग कंपाउंडला लागून तसेच. गवत दरवर्षी पिकअपवाले नेतात असं भैरूनंच त्याला सांगितलं, तर तो दोन दिवस गेटवर उभा राहून विचारत होता, पिकअपवाले कवा येत्यात?

येत्यात, येत्यात. वाट बघ.

११ जुलै

त्याचाच फोन आला. आवाज अगदी गोड. "वहिनी, तुमची वस्तीवरची मान्सं न्हाई आली यंदा? फुकट न्या म्हनावं."

मी म्हटलं, "अहो, आबांचं वय झालं आता. आणि हल्ली मेंढरांना मकाच आवडतो." फोन ठेवला आणि चुलीपुढं एकटीच हसले. सविता भाकरी थापत होती, ती म्हणाली, ताई, असं हसू नका, भीती वाटते.

सविता आणि धुरपदाबाईंना मी कामावरून काढलं नाही. शाळेच्या मैदानावर चौघींचं काम सहाजणी करतोय. मशीनही विकली नाहीत. हा काळ काढायचा फक्त.

२ ऑगस्ट

दुसरी कटिंग झाली. पहिलं गवत अर्धं उचललं, अर्धं तिथंच कुजतंय. पाऊस, वर ऊन, वर पाऊस. भैरू म्हणतो कँटीनपर्यंत वास येतो. काल ढिगातून घोणस निघाली, शिफ्ट सुटायच्या वेळेला. बायका ओरडत पळाल्या. कुणाला चावली नाही.

चावली नाही हे आधी लिहायला हवं होतं.

१९ ऑगस्ट

इंद्रजीतनं जुना ट्रॅक्टर घेतला, ट्रॉलीसकट. कर्ज काढून. भाड्याच्या खेपा परवडेनात म्हणून. आता हप्ता, डिझेल, ड्रायव्हर! गवत कापायला घेतलेल्या कामासाठी ट्रॅक्टर. मल्हारला सांगताना मला हसू आवरेना. तो हसला नाही. म्हणाला, त्याच्या आईनं मंगळसूत्र गहाण ठेवलंय त्यासाठी.

मी काय करू? माझ्या कागदाची झेरॉक्स घेऊन गेला तेव्हा त्याला धुरपदाबाईंच्या घरात काय आहे ते दिसलं का?

२८ सप्टेंबर

मक्याचे सत्तावीस हजार गेले. माझी गंगाजळी संपली. मल्हारला ठाऊक नाही.

१० ऑक्टोबर, गुरुवार

पाऊस उघडला. आता ढीग वाळलेत. सेफ्टीवाल्यानं फोटो काढून वर पाठवले: सुकलं गवत, शेजारी सॉल्व्हंटची टाकी. इंद्रजीतला नोटीस, आणि डिपॉझिट अडकवलं. भैरू सांगत होता, साहेबांच्या केबिनबाहेर तो तासभर उभा होता, पाणीसुद्धा मागितलं नाही.

मला वाटलं होतं, हे ऐकून पेढे वाटीन. बरं वाटलं, नाही असं नाही. पण पेढ्यांइतकं नाही.

१८ ऑक्टोबर

साहेबांनी बोलावलं! स्वतः खुर्ची दिली. म्हणाले, "मॅडम, तुमच्या वेळेला हे असले प्रॉब्लेम कधी नव्हते. तुम्ही काय वेगळं करत होता?"

मी सांगितलं नाही. अनुभव असतो, म्हटलं. ते म्हणाले, वरच्या लोकांशी बोलतो, दिवाळीनंतर कळवतो, गवताचं कायमचं काहीतरी करायचंय. कायमचं म्हणाले. घरी येऊन नवा भाव काढला. आता एकोणचाळीसशे. का नाही? माझ्याशिवाय काय होतं ते बघितलंय त्यांनी.

निघताना गेटवर इंद्रजीत दिसला. वाळला आहे. मला बघून मान खाली घातली, मग वर करून म्हणाला, "वहिनी, गवताचं तुम्ही कागदावं लिवलं न्हवतं."

मी म्हटलं, तू विचारलं नव्हतंस. घरी येईपर्यंत हेच शब्द तोंडात घोळवत होते. चांगलं बोलले.

२१ ऑक्टोबर

शिरूरला जाऊन फोर-स्ट्रोक मशीन बुक केलं. ऑइल मिसळायची कटकट नाही, पेट्रोलही कमी. पंधरा हजार ॲडव्हान्स, बाकीचे हप्त्यानं. दुकानदार म्हणाला, मोठं काम धरलेलं दिसतंय. धुरपदाबाईंना मोटरसायकलवर बसवून नेलं होतं, त्यांनी मशीनला हात लावून बघितला. आबांनाही सांगितलं, दिवाळी झाली की पिकअप काढा.

आबांना इतकं खूश बऱ्याच दिवसांत बघितलं नव्हतं.

१३ नोव्हेंबर, बुधवार

कंपनीतून पत्र आलं. साप, वास, आगीचा धोका, म्हणून अकराच्या अकरा एकर गवत काढून टाकणार. मुरूम पसरून वर पेव्हर ब्लॉक. यापुढे गवत कापायचं कामच नाही, माझंही नाही, कुणाचंच नाही.

मुरूम वाहायचं काम इंद्रजीतला. अडकवलेल्या डिपॉझिटच्या बदल्यात म्हणे, शिवाय ट्रॅक्टर त्याच्याकडं आहेच.

आबा बाहेर पिकअप धुतायत.